माठाखालची विलायती नळकांडी

चकलांबा, ता. गेवराई
वैशाखातला एक दिवस (कुठलाही धर, सगळे सारखेच तापतात)

चि. हनुमानराव, मुक्काम दुबई, यांस दाजी गहिनीनाथचे चकलांब्याहून आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण असं की, फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'दाजी, ड्युटी हाय' म्हणून मला तोडतोस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. (आमची ऋतुजा या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकणार आहे. तुझी भाची म्हणते, मामा एवढं वाचणार नाही. न वाचून जातो कुठे!) इकडे सर्व क्षेम. तुझी ताई सत्यभामा बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत आणि तुझ्या मातोश्री छबुबाई 'चार दिवस लेकीकडं' म्हणून संक्रांतीला आल्या, त्यांचे चार दिवस अजून चालू आहेत. तुझी तब्येत कशी आहे? हॉटेलात उरलेलं खाऊन पोट सुटलं असेल. जपून असावे.

आता तुझ्या सिगारींबद्दल. हनुमानराव, माणसं परदेशातून येताना काय आणतात? ब्लँकेट, बॅटरी, खजूर, गेला बाजार कपाळाला लावायचा बाम. तू आणल्यास सिगारी, त्याही माझ्या चुलतभावासाठी. सुंदररावांना बिडीच्या धुरानंसुद्धा ठसका लागतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण तुला पुढाऱ्याच्या ओसरीवर खुर्ची पाहिजे होती. बरं, त्यांचा थाट तरी किती! लाकडी पेटी, आत प्रत्येक सिगारीला वेगळं अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं, त्याला फिरकीचं झाकण. आम्ही सगळी भावंडं एका खोलीत वाढलो, आणि इथं एकेका चिरुटाला स्वतःची खोली.

सुंदररावांनी ठरवलं, जिल्हा परिषदेचं तिकीट ज्यांच्या हातात आहे ते साहेब घरी चहाला येणार, तेव्हा ही पेटी त्यांना द्यायची. गटात दाखवण्यासारखं एक काम नाही, तेव्हा दाखवायचं काय, तर सिगार. मला त्यांनी शब्द दिला की तिकीट मिळालं की तुझं शेळ्यांच्या शेडचं अडकलेलं प्रकरण हलवतो. म्हणून मी या भानगडीत पडलो. (माझ्या शेळ्या तीन पावसाळे फाटक्या ताडपत्रीखाली काढताहेत. शेडसाठी मी काय वाटेल ते सांभाळलं असतं, आणि सांभाळलंही.)

आधी पेटी त्यांच्या लोखंडी कपाटात होती. कपाटाला हात लावला तर चटका बसत होता. तू तिकडून बोंबललास की सिगार वाळली म्हणजे गेली. मग ती फ्रीजमध्ये गेली. वनमालावहिनी म्हणाल्या, दुधाला वास लागतोय, आता या घरात एक तर सिगार राहील न्हाईतर मी. सुंदररावांनी बराच वेळ विचार केला आणि पेटी माझ्याकडे पाठवली.

त्यानंतर तुझे हुकूम सुरू झाले. झाकणं घट्ट ठेवा. दुसऱ्या दिवशी म्हणे सैल करा, त्यांना श्वास घेऊ द्या. कोरड्या पडू देऊ नका. ओल लागू देऊ नका. अरे, ते चिरूट आहेत की बाळंतिणी? मी झाकणं सैल केली, पेटी माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडत राहिलो. गावाला टँकरचं पाणी, आणि माझ्या घरात चिरुटांना शिंपण! शेजारीपाजारी विचारायचे, गहिनीनाथ, घरात कोन आजारी हाय का?

एकदाचे साहेब आले. गाड्या आल्या, धूळ आली, धुळीतून सुंदररावांचा जयजयकार करणारी माणसं आली. मी पेटी नेली. (सगळी झाकणं घट्ट बसलेली दिसली. म्हटलं, सत्यभामेनं बसवली असतील, बरं झालं.) सुंदररावांनी तीर्थ द्यावं तसं एक नळकांडं पुढं केलं आणि म्हणाले, "साहेब, फॉरेनचा माल हाय." साहेबांनी झाकण फिरवलं, नळकांडं तळहातावर उपडं केलं, आणि त्यातून काळी भुकटी निघाली ती त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर सांडली. दुसरं उघडलं, त्यातही तेच.

मिसरी, हनुमानराव, मिसरी! तव्यावर तंबाखू काळीठिक्कर भाजून, कुटून, बायाबापड्या बोटानं दाताला घासतात ती. मी तसाच घराकडे पळालो. छबुबाई माठाशेजारी तोंडात बोट घालून बसलेल्या. म्हणाल्या, "मीच भरली. इतक्या चांगल्या डब्या, त्येच्यात नुसता कचरा कावून ठिवायचा?" संपलं. विमानातून आलेली सिगार माझ्याच चुलीवर भाजली गेली. मला रडू यायचं बाकी होतं. पुढे मी काही विचारलं नाही. सासूला जाब विचारणारा जावई तुमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे.

परत गेलो, तर साहेब रागानं उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मी सुंदररावांच्या कानात झालेलं सांगितलं, आणि त्या माणसानं डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता जाहीर केलं की, ही खास सिगारीची मिसरी, साहेबांसाठी फॉरेनहून माल मागवून घरी भाजून घेतली! साहेब खाली बसले. बोट बुडवलं, दाताला लावलं, डोळे मिटले. म्हणाले, "आस्सं! म्हनलं चव कावून लई येगळी लागतीया." पेटी बगलेत मारून निघून गेले. असली ही माणसं, आणि असल्यांच्या हातात माझं शेड.

तेव्हा हनुमानराव, यापुढे असलं थेर आमच्या दारात आणायचं नाही. आणायचाच तर बाम आण.

तुझा (नाइलाजाने) दाजी,
गहिनीनाथ

ता. क. आत्ताच साहेबांचा निरोप आला. मिसरी त्यांनी आणखी वरच्या साहेबांना दिली, त्यांनाही पसंत पडली. सुंदररावांचं नाव 'विचाराधीन' आहे आणि पुढचा माल पोचेपर्यंत विचाराधीनच राहील असं दिसतं. शेडही. तरी वर लिहिलेलं मनावर न घेता सिगारीच्या दोन पेट्या ताबडतोब पाठवाव्यात.

ता. क. आणखी एक. फोटो काढण्याआधी पत्र घरात वाचून दाखवलं. छबुबाई हसून हसून आडव्या झाल्या. म्हणाल्या, "त्या सिगारी कोन भाजतंय! पांढरी बुरशी चढलीती समद्याला. उकिरड्यावर टाकल्या म्या. मिसरी आपली बाजारच्या तंबाखूची हाय." बुरशी कशानं चढली या खोलात कुणी शिरू नये; ओलं-कोरडं तूच सांगत होतास. तर सिगारी पाठवू नकोस. तुझ्या हॉटेलात लोक ओढून झाल्यावर टाकून देतात ती रिकामी नळकांडी तेवढी गोळा करून पाठव. झाकणं मात्र घट्ट बसणारी बघ.