मुख्याध्यापिकाबाईंचं निळं नाक

तीर्थरूप मामांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला उतरला असेलच. इकडे दुकान, मी आणि मांजर, तिघंही ठीक आहोत. आपली मुलगी चार दिवसांपूर्वी बॅग घेऊन तिकडे आली, तेव्हा काय झालं ते तिने सांगितलं असेलच. पण रागात सांगितलं असणार, म्हणून मी क्रमाने सांगतो.

फुलांना रंग देणं हा काही गुन्हा नाही. पांढऱ्या गुलाबाचं देठ तिरकं कापून रंगाच्या पाण्यात ठेवलं की दोन दिवसांत फूल आपणहून रंग पितं, आणि पांढऱ्याकडे ढुंकूनही न बघणारं गिऱ्हाईक निळ्याला तिप्पट भाव देतं. (देव निळा गुलाब करायला विसरला, त्याला मी काय करू?) तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त होणार होत्या. गुच्छ आमच्याच दुकानातून घ्या, असा आपल्या मुलीने स्टाफरूममध्ये शब्द टाकला होता. मला मात्र ते आदल्या दिवशी आठवलं. आता देठाला प्यायला वेळ कुठला? मी फुलं सरळ डोक्याकडून रंगात बुचकळली आणि तिच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवली (तेही आता निळंच आहे). दिसायला फक्कड झाली. पाणी लागलं की असला रंग सुटतो हे मला ठाऊक होतं, पण समारंभ सभागृहात, तिथे पाणी कुठून येणार?

बाई रडतील हे कोणाच्या ध्यानीमनी होतं? बारा वर्षांत त्यांना कोणी हसतानाही पाहिलं नव्हतं. भाषणं झाली, बाईंना भरून आलं आणि त्यांनी भर सभेत गुच्छात तोंड खुपसलं. चांगली पाच मिनिटं. वर आल्या तेव्हा नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल निळे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना वाटलं प्रेमाने वाजवताहेत, म्हणून त्या आणखी रडल्या. फोटो शाळेच्या भिंतीवर लागलाय म्हणे.

घरी येऊन आपली मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "एक तरी फूल होतं तसं राहू देता आलं नसतं का हो तुम्हाला?"

मामा, ते मला लागलं. लग्न झाल्यापासून तिला दिलेलं एकही फूल मूळ रंगाचं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. काल स्वतः मळेवाल्याकडे जाऊन बारा पांढरे गुलाब हाताने तोडून आणले. त्याचा टेम्पो आज तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. रंगाचे डबे आजपासून बंद.

आपला आज्ञाधारक जावई

ता. क. : तिला परत पाठवा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं. घर खायला उठतं.

आणखी एक : फुलं रात्रभर ज्या बादलीत ठेवली, तिच्या तळाशी जुना रंग उरला होता. त्यामुळे पाकळ्यांच्या कडा निळसर झाल्या आहेत. हे मी केलेलं नाही, बादलीने केलंय. तिला खरं तेच सांगा.

शेवटचं : ती कड बघून तिने चुकून "छान दिसतेय" म्हटलंच, तर टेम्पोवाल्याजवळ तेवढा निरोप द्या. सकाळी एका गिऱ्हाइकाने तसलीच चाळीस फुलं मागितली आहेत. बायकोला विचारून सांगतो, असं म्हणून त्याला थांबवून ठेवलंय.