दर सोळा डोळ्यांनंतर एक जादा

मी, लटारू झिंगू मेश्राम, वय एकाहत्तर, धंदा मासेमारी व जाळी विणणे, राहणार भोवरटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य मृत्युपत्रात सगळेच लिहितात. मला मात्र ते सिद्ध करायला आठ महिने लागले, म्हणून खाली पुराव्यासह लिहिले आहे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही. दबाव आणायला एकजण टपलेला होता, त्याचे नाव योग्य कलमात येईल. तहसीलसमोरच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतले नाही, कारण तो माझ्या थोरल्या मुलाचा वर्गमित्र आहे.

१. दिनांक २१ ऑगस्ट २०२४ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात धाकट्या मुलाची, खुशालची, बायको गोकुळा हिला माझ्या घरातली काडीसुद्धा मिळू नये असे लिहिले होते. तो कागद जाळणार होतो, पण जळालेल्या कागदाबद्दल उद्या कोण काय सांगेल याचा भरवसा नाही. आडवी रेघ मारून तो यामागे टाचला आहे.

२. झाले काय ते क्रमाने सांगतो. फेकजाळे टोकापासून खाली रुंद होत जाते. त्यातल्या एकेका चौकटीला आम्ही डोळा म्हणतो. माझ्या हिशेबाने दर सोळा डोळ्यांनंतर एक जादा डोळा घालावा लागतो. तो विसरला तर जाळे पाण्यावर गोल पडत नाही. गेल्या मे महिन्यात शेजारचा बिरजू माझ्याकडून घेतलेले नवे जाळे खांद्यावर टाकून परत आला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "लटारूभाऊ, तुमचं जाळं गोल उघडून नाई राह्यलं. एका अंगानं गोया होते." माझे जाळे एका बाजूने गोळा होते, असे चाळीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते. मी त्याच्या फेकण्याला दोष दिला. ते खोटे होते. बिरजूने माफ करावे. माझी सायकल त्याला द्यावी, म्हणजे माफी कोरडी वाटणार नाही.

३. थोरला मुलगा दिनेश भद्रावतीला नोकरीला असतो. जूनमध्ये तो छापील कागद घेऊन आला. "बाबा, तुमचं ध्यान राह्यत नाई आता. इथी अंगठा लावा, मंग मी पाह्यतो सारं."

मी म्हणालो, "मले सही येते."

"मंग सही करा."

"काऊन करू?"

त्याने कागद घडी करून खिशात घातला. जाताना नेहमीप्रमाणे खर्र्याच्या पाच पुड्या उशाशी ठेवून गेला. बापाची सुपारी-तंबाखूची तल्लफ मुलगा दर खेपेला आठवणीने भागवतो, ते प्रेमाने असेल. नसेलही. त्याला धानाच्या बांधीचा, म्हणजे शेताचा, अर्धा हिस्सा, त्यानेच दिलेला मोबाईल, आणि ज्या डब्यात मी त्याचा खर्रा ठेवत असे तो रिकामा डबा द्यावा. उरलेली अर्धी बांधी खुशालची.

४. गावच्या आशाताई गिरजाबाई मला आरमोरीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मोठा रोग काही नाही, सवयी बिघडल्या आहेत. खर्रा सोडा, झोप पुरी घ्या, उपाशीपोटी चहा नको, रोज चाला, आणि एका वेळी एकच काम करा. एवढे फुकट शहाणपण कोणी का वाटेल, असे मला वाटले. गिरजाबाईंना कुठल्यातरी यादीत माझे नाव भरायचे असेल, असाही संशय आला. त्यांना तो बोलून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, यादीत भरतोच. पण खर्रा तं सोडा."

५. खर्र्याचे आधी लिहितो, कारण चूक तिथेच होती. प्लॅस्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटायला दोन्ही हात लागतात. सुई खाली ठेवायची, खर्रा घोटायचा, आणि सुई परत उचलली की मोजणी अकरावर होती की चौदावर ते आठवायचे नाही. मी अंदाजाने चौदा धरायचो. जुन्या हाताचा अंदाज चुकत नाही असा मला गर्व होता. त्यातून मोबाईल वाजला की तोही अंदाज जायचा. जुलैपासून मोबाईल तांदळाच्या कोठीत ठेवला. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या प्रत्येकावर ओरडलो, कुत्र्यावरही. मग हळूहळू झोप लागू लागली. सकाळी आंबील, पावसाळाभर तरोट्याची भाजी, दिवे लागताच जेवण.

६. चालण्याबद्दल माझा संशय सगळ्यात मोठा होता. गोकुळा रोज उजाडताच म्हणायची, "मामाजी, तळ्याच्या पाळीवर फिरून या. घाई नोका करू." सासऱ्याला घराबाहेर काढून तळ्याच्या बांधावर पाठवायची सुनेला एवढी हौस कशाला? एकदा कुडाआडून तिला खुशालशी बोलताना ऐकले, "मामाजीले सांगजा नोको." पुढचे बोलणे बोअरिंगच्या पंपाच्या आवाजात गेले. त्या दिवसापासून संध्याकाळी विणकाम थांबवले की शेवटच्या डोळ्याला मी लाल दोरा बांधू लागलो. आठवडाभरात सापडले. सकाळी फिरून आलो तेव्हा दोरा त्याच जागी होता, पण त्याची गाठ माझी नव्हती. माझे विणलेले कोणीतरी उसवत होते. आमच्या घरात बाईने जाळे ओलांडायचेही नाही, हात लावणे तर लांबच. हा नियम माझ्या वडिलांचा, आणि मी तो तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओरडून सांगितला होता. मला वेडा ठरवायला ती माझे जाळे बिघडवते, अशी माझी खात्री पटली. कलम १ मधला कागद मी त्याच दुपारी लिहिला.

७. मी तिला रंगेहाथ पकडायचे ठरवले आणि वाट पाहिली. नोव्हेंबरात एका सकाळी, खर्रा नाही, मोबाईल नाही, पोटात आंबील, असा मी अंगणात बसलो आणि जाळे टोकापासून बोटांनी तपासत आलो. एकेक डोळा, एकेक गाठ, दुसरे कुठलेच काम नाही. दुपार झाली. मेपूर्वी विणून ठेवलेल्या वरच्या भागात जादा डोळा सात ठिकाणी विसरला होता. त्या सगळ्या गाठी माझ्या. त्यानंतरच्या भागात मधूनमधून उलट्या बाजूने ओढलेल्या गाठी होत्या, आणि तिथे मोजणी एकदाही चुकलेली नव्हती.

आमच्या घरात डावखुरी एकच आहे.

ती माझे चांगले उसवत नव्हती. मी जिथे चुकलो तेवढेच उसवून, नीट विणून, दोरा जागच्या जागी बांधून ठेवत होती, आणि तेवढा वेळ मिळावा म्हणून मला पाळीवर पाठवत होती. चौदा वर्षे समोर तांदूळ निवडत बसलेली ही बाई माझी मोजणी शिकली, आणि माझ्या दोन्ही मुलांनी सुई कधी हातात धरली नाही. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. रडूही आले. कुडाआड ती पुढे काय म्हणाली हे आता मला कोणी सांगायची गरज नाही.

८. राहते कवेलूचे, म्हणजे कौलारू, घर गोकुळा व खुशाल या दोघांच्या नावे, तिचे नाव आधी. माझी होडी, म्हणजे डोंगा, खुशालला. विणायची बांबूची सुई, मापाची पट्टी व सगळी जाळी एकट्या गोकुळाला. दिनेशने हरकत घेतल्यास त्याला आधी सोळा डोळे आणि एक जादा विणून दाखवायला सांगावे.

९. जानेवारीत डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत न चुकता आलो. त्यांचे प्रमाणपत्र जोडले आहे. ते खरे आहे का, हे मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून विचारले आहे.

१०. माझ्या तेरवीला अंगणात जाळे पसरावे आणि सगळ्यांसमोर गोकुळाने ते ओलांडावे. वडिलांचा नियम तिथे संपला. मग बिरजूने ते तळ्यात फेकून पाहावे.

११. आता एक गोष्ट फक्त गोकुळासाठी. बाई, नोव्हेंबरपासून माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. तरी रोज संध्याकाळी एक जादा डोळा मी मुद्दाम सोडतो, लाल दोरा बांधतो, आणि सकाळी पाळीवर लांबची फेरी मारतो. परत येतो तेव्हा तो डोळा विणलेला असतो. तोंडाने बोलायची हिंमत मला झाली नाही, म्हणून असे केले. माझ्यामागे जे जाळे अर्धे राहील ते तू पूर्ण कर. लाल दोरा सोडून टाक. मी तुझ्यावर ठेवलेली पाळत संपली.

वरील मजकूर मी शुद्धीवर, खर्रा न खाता लिहिला. साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे, मजकूर पाहिलेला नाही. पान वर दुमडून धरले होते.

ठिकाण: भोवरटोला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: लटारू झिंगू मेश्राम

साक्षीदार:
१. बिरजू पोचू वाघाडे (सही)
२. गिरजाबाई अमर शेंडे, आशा कार्यकर्ती (सही, पान उलगडून पाहण्याचा एकदा प्रयत्न केला)