सगळ्या सायकलींना बसणारं फ्रीव्हील

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (कोपऱ्यातला काळा अंगठा माझा आहे. तीनदा साबण लावूनही तेल निघालं नाही, तेव्हा त्यालाच सही समजावं.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आई बरी आहे, मी बरी आहे आणि बाबांची सायकल तुमच्या कृपेने जागच्या जागी आहे.

तुम्ही पाठवलेलं फ्रीव्हील पोचलं. जुन्याला दातेरी चकत्या सहा, याला सात, म्हणजे बाबांना चढावर आणखी सोपं. सोबत तुमच्या हातची चिठ्ठी: ‘सगळ्या सायकलींना बसतं. डोळे मिटून बसव.’ केवढा दिलासा! मीच करंटी, डोळे उघडे ठेवून बसवायला गेले.

बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताईकडे आहेत ते रविवारी परत येताहेत. डॉक्टरांनी रोज अर्धा तास हलकी सायकल चालवायला सांगितलंय, त्यामुळे फोनवर आधी सायकलची चौकशी होते, मग माझी. (आईची होतच नाही. ती फोन माझ्या हातात देऊन निघून जाते.) जाताना त्यांनी मला बजावलं होतं, ‘तेल तेवढं घाल. बाकी कशाला हात लावायचा नाही.’ मी खरोखर तेल घालायलाच बसले होते. चाक फिरवलं तर मागून टकटक आवाज आला आणि मी तुम्हाला फोन केला. तुम्ही तिथूनच, चाकाचं तोंडही न बघता सांगितलंत, ‘फ्रीव्हील गेलं.’ असं डॉक्टरांनाही जमत नाही. त्यांना निदान गुडघा तरी बघावा लागतो.

काहीही उघडण्याआधी त्याचं चित्र काढायचं, हा बाबांचा नियम तुम्हाला माहीतच आहे. इतर घरांतली मुलं फुलं-पानं काढत असतील, मी कुलपाचं पोट काढत मोठी झाले. त्याप्रमाणे मागच्या चाकाचं चित्र क्रमांक एक, प्रत्येक नटासकट, काढलं आणि सायकल ढकलत सायकलवाल्या काकांकडे गेले.

‘कोणी सांगितलं हे बदलायला?’ काका म्हणाले.

‘मामांनी.’

‘मामा मेकॅनिक आहेत?’

‘नाही, भूगोल शिकवतात.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

जुन्या फ्रीव्हीलला पाना अडकवायला दोन खाचा होत्या. होत्या म्हणजे दुपारी बारापर्यंत होत्या. दोन्ही तुटल्यावर काकांनी त्याचं पोट उघडलं, आतल्या बारीक गोळ्या, म्हणजे छर्रे, दुकानभर पळाले, आणि उरलेला गाभा टेबलाला ठोकलेल्या लोखंडी पकडीत आवळून काढावा लागला. थोडक्यात, जुनं पुन्हा बसवण्याचा प्रश्न मिटला. (छर्रे मी वेचून डबीत ठेवले आहेत. बहात्तर भरले. किती असायला हवेत ते देव जाणे, पण हलगर्जीपणा नको.)

नव्याचे आटे मात्र छान जुळले. जुळलेली ती शेवटची गोष्ट. सातवी चकती फ्रेमला घासायला लागली. म्हणून काकांनी चाकाच्या दांड्यावर वॉशर घातले, तर चाक फ्रेममध्ये मावेना. म्हणून फ्रेमचा एक पाय त्यांनी धरला, एक मी, आणि आम्ही दोघांनी बाबांच्या सायकलला फाकवलं. (हे लिहितानाही मला कसंतरी होतंय.) मग चाक एका बाजूला सरकून ब्रेकला चिकटलं, म्हणून सगळे स्पोक पुन्हा आवळले. मग जुनी साखळी नव्या दातांवरून उड्या मारू लागली, म्हणून साखळी बदलली. आणि शेवटी कळलं, की गिअरच्या खटक्याला घरं सहाच आहेत. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सगळ्यात मोठी, गुडघ्याला सोपी चकती साखळीच्या बोटभर पलीकडे ऐटीत बसून असते. म्हणजे चढ आता पूर्वीपेक्षा जड. बाबांच्या गुडघ्यासाठी याहून चांगली भेट मामाच देऊ जाणे!

आत्तापर्यंत चित्रं अकरा झाली. बाराव्यात काका हात जोडून उभे आहेत.

तुमची आज्ञाधारक (तेच चुकलं)
भाची

ता. क. पत्र बंद करण्याआधी सगळी चित्रं क्रमाने लावली. चित्र क्रमांक एकमध्ये मडगार्डला बाबांनी बांधलेली तार आहे आणि तिचं टोक स्पोकला टेकलेलं आहे. ते मी बाण दाखवून काढलंय. उठून खाली गेले, तार वाकवली, अजून चालूच असलेली टकटक थांबली. काकांना जाऊन खरं ते सांगितलं. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘भूगोल म्हणालात ना?’

आणखी एक ता. क. तुम्ही आणि बाबांनी या सायकली एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. तुमच्या मागच्या चाकाला अजून सहाच चकत्या आहेत. (मामींनी मोजून कळवलं. त्यांना रागावू नका, मीच सांगितलं होतं.) तर शनिवारी ते चाक घेऊन या. साखळीही आणा, झिजल्या दातांना झिजलेलीच लागते, एवढं शिकले. फ्रेम पुन्हा जवळ घ्यायचं काकांनी कबूल केलंय. बाबांना मी सगळं खरं सांगणार आहे, फक्त त्यांची पहिली फेरी झाल्यावर. जाताना आमचं चाक तुमच्या सायकलला घेऊन जा.

सगळ्या सायकलींना बसतं. डोळे मिटून बसवा.