डॅशबोर्ड कापणाऱ्या चिरंजीवांस

चिरंजीव,

माझ्या जुन्या गाडीतल्या लांबट जागेत तुझा नवा गोल स्पीकर बसेना, म्हणून तू चक्क डॅशबोर्डच कापलास? उद्या टोपी बसली नाही तर बापाचं डोकं तासशील!

वर जुना स्पीकर भंगारात दिलास. म्हणे, नुसता खरखरतो. अरे, त्याच्या एका खाकरण्यासरशी रस्त्यात बसलेला बैल उठून वाट द्यायचा, वर मान तुकवून नमस्कारही करायचा! लग्नानंतरची आमची सगळी भटकंती त्याच्याच गाण्यांवर झाली.

भंगारवाल्याने तो फोडायच्या आत आणायला निघालोय. गाडी नेतोय, तू बसने जा. चहा तुझा तू कर. आईला हाका मारू नकोस. ती केव्हाची गाडीत जाऊन बसलीये आणि हॉर्न वाजवून मलाच घाई करतेय.

— बाबा