जाळ्याच्या दोऱ्याची गाठ

मुरुड,
१२ जानेवारी २०२५

ती. अम्मीस,
सलाम, विनंती विशेष.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे मोठ्या अक्षरातलं पत्र.

तुझं माहेर पाहिलं. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेले. दरवाजापाशी होडी इतकी हलत होती की दोघांनी मला ओढून वर घेतलं. सोमाटण्याची मुलगी, करणार काय. परतल्यावर किनाऱ्याच्या काळ्या कातळांवर बसले, भरतीचं पाणी खाली आपटत होतं. लहानपणी कालवं काढताना तू पाय कापून घेतलास, ती जागा मामीने दाखवली.

मामूने नाही दाखवली. इरफानच्या लग्नाला त्याच्या मामूला घेऊन ये म्हणून तू मला पाठवलंस, पण मामू ऑगस्टमध्येच तापाने गेला. तुझं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मामीने आपल्याकडे कुणालाच कळवलं नाही. इथे कळल्यावर मी इरफानला फोन केला; लग्नापर्यंत अम्मीला सांगू नकोस, असं तो म्हणाला. मला ते जमत नाही. अब्बूंना जवळ बसवून घे. मी महिनाअखेरीपर्यंत मामीपाशी राहते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
उमेरा


सोमाटणे,
१८ जानेवारी २०२५

चि. उमेरास,
अनेक दुवा.

रागावले नाही. मला दिवाळीतच कळलं होतं. भाई दरवर्षी सुक्या बोंबलांचं गाठोडं पाठवायचा, जाळ्याच्या दोऱ्याने बांधून. गाठ मुद्दाम इतकी आवळायचा की मला ती दातांनी सोडवावी लागे. मग चिडवायचा, मावळात जाऊन माझी बोटं मऊ पडली म्हणून. या वेळी दोरा तोच होता, पण टोक ओढलं आणि गाठ सुटली. मी स्वयंपाकघरात खालीच बसले. तुझ्या अब्बूंना सांगितलं, मिरचीचा ठसका लागलाय.

नवऱ्याच्या दुःखात मामीने माझ्यासाठी बोंबील वाळवले, बांधले. तिला कोणत्या तोंडाने विचारणार होते? डॉक्टर मला घाट उतरू देत नाहीत. तिच्या गळ्यात पडून रडायला आपलं कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून लग्नाचं निमित्त केलं. आधी सांगितलं असतं तर तू रडण्याऐवजी तिला नुसता धीर देत बसली असतीस.

येताना बोंबील आण. मामी बांधेल, पण वरची गाठ तू मार, अंगातला सगळा जोर लावून. मला ती सहज सुटायला नको आहे.

माझ्या वाटची माया मामीला दे.
तुझी,
अम्मी