मेकफाइल आणि तीन वाजंत्री

पर्वत पाटिया, सुरत
१८ जानेवारी १९९८

तीर्थरूप सुकदेवमामांच्या चरणी, भाचा चेतन याचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे. तरी वाकलो आहे.)

आपले कार्ड गुरुवारी पोचले. आपला उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती. उत्तर आले नाही, म्हणून तो बरा आहे असे धरतो. सरलामामींचा खोकला उतरला का? म्हैस व्याली का? इकडे सगळे ठीक. नाना, म्हणजे आपले राघोदाजी, या आठवड्यात दिवसपाळीला आहेत. आई आपली वाट पाहते. वाट पाहते आणि काळजी करते, दोन्ही एकाच वेळी, पोळ्या लाटताना.

कार्डात आपण चार वाक्ये लिहिली आहेत. पंचवीस तारखेस याद्यांसाठी येतो. वही सोबत आणतो. मुलगी कोठली? कोणी सुचवली? पहिल्या दोन वाक्यांविषयी शेवटी लिहितो. मुलगी मूळची जिंतूरकडची. सहाव्या वर्षापासून सुरतेत. नाव वैशाली. वडील किसनराव इथेच मागांवर फिटर आहेत, आई शोभाबाई. ती कोणी सुचवली, याचे उत्तर मात्र सरळ नाही. मध्यस्थ कोणी नव्हता. एक फाइल होती. ती नीट चालली असती तर हे लग्न ठरले नसते. म्हणून ते पहिल्यापासून सांगतो. आपण चष्मा लावला असेल असे धरतो.

मी काय काम करतो हे आपण दर दिवाळीला विचारता आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणतो. या वेळी नीट सांगतो. आमच्या शेठचे दुकान साड्यांच्या गोदामावर दुसऱ्या मजल्यावर आहे. जेकार्डच्या मागाला पुठ्ठ्याची कार्डे लागतात. कार्डात भोके असतात. भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो आणि पदरावर मोर उमटतो. कोणत्या कार्डात कुठे भोक पाडायचे हे पूर्वी माणूस चौकटीच्या कागदावर डोळे फोडून मोजत असे. आता ते मी लिहिलेला प्रोग्रॅम मोजतो. त्या प्रोग्रॅमची भाषा पर्ल. (अर्थ मोती, पण स्पेलिंगात एक अक्षर कमी. शेठना सांगितले तेव्हा ते म्हणाले, पाणीदार निघाला म्हणजे झालं.) मोजण्याचा मुख्य भाग मी सुटा करून ठेवला आहे. अशा सुट्या भागाला मॉड्यूल म्हणतात. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवता येतो. निदान तसे पुस्तकात आहे.

गेल्या पावसाळ्यात इच्छापोरच्या एका कारखान्याला तो हवा झाला. शेठ म्हणाले, थई जशे. शेठ प्रत्येक गोष्टीला थई जशे म्हणतात, म्हणजे होऊन जाईल. कोण करील हे त्या वाक्यात नसते. ते मला समजून घ्यावे लागते.

आता मॉड्यूल बसवायचे म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने सांगावे लागते. हा तुकडा अमुक ठिकाणी ठेव. तो अमुक अवजाराने जोड. जोडल्यावर तपास. मग आत नेऊन बसव. या सांगण्याची एक यादी असते, तिला मेकफाइल म्हणतात. (नानांना मेखफाइल ऐकू आले. ते म्हणाले, मंग मेख तठेच शे. पुढे जे झाले ते पाहता नाना बरोबर होते.) माझ्या कॉम्प्युटरवर ही यादी तयार होती. रोज चालत होती. तिच्यात एका अक्षराचीही चूक नव्हती. मी ती फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपी रुमालात गुंडाळली, आणि शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला, तीन वाहने बदलून, इच्छापोरला गेलो.

तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर एक मुलगी बसली होती. डिझाइनची नोंद ठेवणे हे तिचे काम. मी तिला उठायला सांगितले. (हे आज आठवले की कानाची पाळी गरम होते.) फ्लॉपी घातली. यादी चालवली. यादी म्हणाली, चेतनच्या घरी जा, तिथे तिसऱ्या खणात तुकडे आहेत ते उचल. कॉम्प्युटर म्हणाला, चेतनचे घर इथे नाही. ते खरेच होते. चेतनचे घर पर्वत पाटियाला होते. माझ्या कॉम्प्युटरने यादी करताना स्वतःच्या घराचा पत्ता प्रत्येक ओळीत लिहून ठेवला होता आणि मी तो कधी वाचला नव्हता. आपला पत्ता आपल्याला पत्ता वाटत नाही. तो जगाचा मध्य वाटतो.

दुसऱ्या फेरीला मी हट्टाने पत्ते हाताने बदलले. शंभरेक ओळी. तर यादीने नवे मागितले. माझ्याकडे जोडणीचे जे अवजार आहे तेच नाव घेऊन तिने हाक मारली. त्यांच्याकडे त्या नावाचे अवजार नव्हते. दुसरे होते, तितकेच चांगले, पण यादीला हाक मारायला एकच नाव ठाऊक. तेही बदलले. मग कॉम्प्युटर म्हणाला, चौथ्या ओळीत दुभाजक नाही, थांबलो. मामा, त्या यादीत ओळीच्या आरंभी जी मोकळी जागा सोडतात ती एका विशिष्ट बटणानेच सोडावी लागते. साध्या आठ मोकळ्या जागा ठोकल्या तर पडद्यावर तंतोतंत तेच दिसते, आणि चालत नाही. मी दुपारभर त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसलो. रिकाम्या जागेत चूक शोधणे हे मला वाटते साधूंचे काम आहे.

ती मुलगी मागच्या स्टुलावर बसून डबा खात होती. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिने एकदाच विचारले, "मशीनला विचारलं का?"

मी म्हणालो, "काय विचारायचं?"

"तुझ्याकडं काय काय आहे ते."

मी म्हणालो की माझी फाइल बरोबर आहे, माझ्याकडे रोज चालते.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "तुमच्या घरची आहे. आमच्या घरी येऊन तुमचं स्वयंपाकघर शोधायली." मग तिने डब्याचे झाकण लावले. "लिहिलेली कशाला आणता? लिहिणारी आणा ना."

मला कळले नाही. मग तिने खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला. भाषेसोबत येणारी माहिती तिने छापून काढून, पंच करून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. (ही माहिती आम्हा सगळ्यांकडे असते. ती वाचलेला माणूस मी प्रथमच पाहिला.) त्यात होते ते असे. मॉड्यूल देताना मेकफाइल द्यायचीच नसते. द्यायचा असतो एक छोटा प्रोग्रॅम, दहा ओळींचा. तो ज्या घरी जातो तिथे आधी बसतो आणि चौकशी करतो. जोडायला काय वापरता? सामान कुठे ठेवता? आतली माणसे कोणत्या वाटेने जातात? सगळे ऐकून घेतो आणि मग त्या घरासाठी, त्या घरी बसून, नवी यादी लिहितो. आरंभी म्हणतो, साहित्य पुरे आहे का पाहतो. पुरे असेल तर म्हणतो, ठीक दिसते. काही कमी असेल तर म्हणतो, अमुक सापडले नाही, आणि यादी तरीही लिहितो. आवाज चढवत नाही. उठून जात नाही.

हा दहा ओळींचा प्रोग्रॅम माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. माझी यादी त्यानेच लिहिली होती. मी लिहिणाऱ्याला घरी ठेवून लिहिलेले घेऊन हिंडत होतो.

तिसऱ्या फेरीला तो नेला. या वेळी मुलीला उठवले नाही. तिनेच चालवला. पाव मिनिट लागले. साहित्य पाहिले, ठीक दिसले, यादी लिहिली, जोडले, तपासले, बसले. मग चहा आला. चौथ्या फेरीला काम काहीच नव्हते. पाचव्या फेरीला शेठने विचारले की बसलेले मॉड्यूल पुन्हा का बसवतोस. सहाव्या फेरीनंतर मी आईला सांगितले, आईने नानांना सांगितले, नानांनी विचारले, पोरगी कोठली शे, आणि निघाले काय तर किसनराव नानांच्याच मागांच्या खात्यात शेजारच्या रांगेला असतात आणि दोघे अकरा वर्षे एकमेकांकडे तंबाखू मागत आले आहेत. दिवाळीनंतर पसंती झाली. तर मामा, मुलगी अशी सुचवली गेली.

आता लग्नाच्या याद्यांविषयी. आपण आमच्या घरचे वडीलधारे. आपल्याशिवाय याद्या होणार नाहीत आणि होऊ नयेत. आपला आवाज, आपले अक्षर, कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्याची आपली पद्धत, सगळे हवे. फक्त दोन आठवणी लिहितो. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या थोरल्या निंबाच्या लग्नात आपल्या याद्यांच्या वहीप्रमाणे नवरदेवाला वेशीवर उतरवायचे होते. सुरतेला वेस नाही. आपण पर्वत पाटियाच्या चौकाला वेस ठरवले. निंबा बाशिंग बांधून सव्वा तास सिग्नलपाशी उभा होता आणि दोन ट्रकवाल्यांनी त्याला रस्ता विचारला. त्याचे सासरे अजून त्या चौकातून जात नाहीत, लांबून जातात. दुसरी आठवण जयश्रीताईची. तिची पहिली सोयरीक याद्यांच्या बैठकीतच मोडली. पाहुणे म्हणाले, वाजंत्री चार आणा. आपण म्हणालात, आपल्यात तीन असतात. ते म्हणाले, चौथ्याचे आम्ही पाहतो. आपण वही मिटलीत. (ताई आता बारडोलीत सुखात आहे, म्हणून लिहितो. तिच्या लग्नात तीनच होते. पण दुसऱ्यांदा बैठक बसेपर्यंत ती दीड वर्ष कोणाशी बोलली नाही, हे आपल्याला कोणी सांगितले नसेल.)

या दोन्ही गोष्टी किसनरावांच्या कानावर गेल्या आहेत. त्यांनी काही मागितलेले नाही. परवा तंबाखू मळताना नानांना एवढेच विचारले, "तुमचे मेव्हणे आमचं ऐकून घेतील ना?" नाना म्हणाले, घेतील. घरी येऊन नाना जेवले नाहीत. वैशालीने मला काहीच विचारले नाही. तिने ऑफिसात यादी चालताना पाहिलेली आहे.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार. म्हशीचे कळवा. उतरायचे स्टेशन उधना, सुरत नव्हे. मी घ्यायला येतो.

आपला भाचा,
चेतन

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. मामा, पंचवीस तारखेला लिहिलेली यादी आणू नका. लिहिणारे तुम्ही या. कोरा कागद इथे देतो. किसनरावांच्या घरी बसा, चहा घ्या, विचारा, तुमच्याकडे काय काय असते. मग तुमच्या अक्षरात लिहा. तुम्ही लिहाल ते मी डोळे मिटून पाळीन. सिग्नलवर सुद्धा उभा राहीन, त्यांनीही तिथेच वेस मानली तर.

ता. क. २. खापराच्या पुरणपोळ्यांचे शोभाबाईंना आईकडून कळले. त्यांच्याकडे पोळी तव्यावर करतात. त्यांनी स्वतः विचारले आहे की खापर केवढे असते आणि शेगडीवर बसते का. सुरतेत मिळत नाही. येताना एक आणावे. गाडीत मांडीवर घ्यावे, वर ठेवू नये. (गुडघा दुखत असल्यास डाव्या मांडीवर.)

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता लिहितो. वही शोधत असाल तर शोधू नका. दिवाळीला तुम्ही आला होता तेव्हा आईने ती पिशवीतून काढून गव्हाच्या पिंपात ठेवली. म्हणाली, भाऊले सांगू नको. मी सांगतो आहे, कारण काल मी ती वाचली. पहिले पान तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या याद्यांचे आहे, १९६१. अक्षर आजोबांचे. त्यात लिहिले आहे, वाजंत्री चार. मग चार खोडून तीन केले आहे. समोर कंसात कारण दिले आहे: लोटू सनईवाल्याला ताप आहे.

मामा, सदतीस वर्षे झाली. लोटूचा ताप आता उतरला असेल.