दोराच्या पुढच्या टोकाला

त्रेन्ता, ३ ऑगस्ट १९६८

चि. ग्रेगोर यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे सुजलेल्या बापाला तू चाळीस मीटरचा नवा दोर पाठवतोस? बाबांनी यालोवेत्स शिखराचा उत्तरकडा चढायचा ध्यास घेतलाय. त्यांचा जोडीदार येर्नेय मोतीबिंदूने घरी बसला, तर हे एकटेच निघालेत. मी म्हटलं, जाणार असाल तर स्वयंपाक बंद. तीन दिवस मुकाट्याने मक्याचा गार घाटा खाताहेत आणि वर मलाच विचारतात, तुझं डोकं दुखतंय का. आता तूच त्यांना लिही.

सध्या लोभ कमीच आहे, तेवढ्यावर भागव.

तुझी ताई,
रोझालिया

ल्युब्लियाना, ८ ऑगस्ट

ती. रोझाताईस शि. सा. न.

तुझी बोलणी पोचली. दोर गवताचे भारे उतरवायला हवाय, असं बाबांनी मला कळवलं होतं. आता मी जाऊ नका असं लिहिलं, तर ते उद्याच निघतील. त्यापेक्षा तूच जा त्यांच्याबरोबर. लहानपणी तू माझ्याहून सरस चढायचीस. बाबा मात्र पुढे मलाच धाडायचे, मुलीनं मागून यावं म्हणायचे. मीही तेव्हा गप्प बसलो. चिडून का होईना, जा.

राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझा,
ग्रेगोर

त्रेन्ता, १९ ऑगस्ट

चि. ग्रेगोर यास अ. आ.

गेले मी. खालून दुर्बिणीने बघत बसण्यापेक्षा दोराला बांधून घेतलेलं बरं, म्हणून गेले. अर्ध्या कड्यापर्यंत बाबा पुढे, पावलागणिक माझी चूक काढत. मग एका ओल्या भेगेत त्यांची पकड सुटायला लागली. पायाखालचा दगड सुटून माझ्या कानाजवळून गेला. मी दोर आवळून धरला. ते चुनखडीला गाल टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, रोझा, तू पुढे हो.

मी चाळीस वर्षांची आहे. एवढं म्हणायला त्यांना असली जीवघेणी जागा लागली. इतकी चिडले की घाबरायला सवडच झाली नाही. उरलेला कडा मी पुढे राहून, दोरासाठी खिळे ठोकत चढले, त्यांना ओढत, दटावत. वर पोचल्यावर म्हणाले, खिळे वाकडे ठोकलेस. मग शिखरावरच्या नावनोंदणीच्या वहीत माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहीत बसले.

ते बुटांचे बंद आवळत असताना मी वही उघडली. लिहिलं होतं : वाटाड्या, रोझालिया. तिच्या मागून आलेला, लोव्रेन्स.

जीव लावत राहा.

ताई